पुरात बुडालेला बंब : एका नवशिक्याच्या खरेदीचं आणि दुरुस्तीचं प्रकरण

२०२२च्या जानेवारीत मी एक जुना आगीचा बंब विकत घेतला. तोवर ट्रकच्या स्टिअरिंगवर बसलो नव्हतो आणि इंजिन उघडलेलं फक्त लांबून पाहिलं होतं. गुहागर तालुक्यात माझं काजू फोडण्याचं छोटं युनिट आहे. बॉयलर आणि कटिंग मशीन सोडलं तर यंत्रांत माझी गती नाही. बंब घेतला तो अण्णांसाठी. अण्णा, म्हणजे माझे वडील, १९७१ ते २००२ मुंबईच्या अग्निशमन दलात होते. निवृत्त होऊन वाडीत आले, पण १४ एप्रिल कधी चुकवला नाही. १९४४ साली त्या दिवशी व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला. एकाच जहाजात स्फोटकं आणि कापसाच्या गासड्या होत्या, आणि आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक परत आले नाहीत. त्या सकाळी अण्णा अंगणात उभे राहून दोन मिनिटं गप्प असतात. लहानपणापासून हे बघत आलो.

हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण अशा गाड्या घ्यायची हौस असलेली माणसं मला विचारायला येतात आणि पहिला प्रश्न रंगाचा असतो. माझाही तोच होता. त्या प्रश्नापायी माझे अठ्ठेचाळीस हजार आणि एक अख्खा पावसाळा गेला.

दोन भेटी

भंगारवाल्याचं आवार चिपळूणच्या बाहेर, वाशिष्ठीच्या अंगाला होतं. बंब एका बंद पडलेल्या रासायनिक कारखान्याचा. लिलावात निघालेलं सगळं लोखंड या माणसाने उचललं, त्यातच हा आला. पहिल्यांदा मी एकटा गेलो. अशोक लेलँड कॉमेट ट्रकची चेसी (खालचा सांगाडा), गोल दिवे, छपरावर शिडी, मागे पितळी तोंडांची रांग. भंगारवाला म्हणाला, “१९६२चं मॉडेल आहे साहेब, असं पीस आता मिळणार नाही.” मी चाळीस फोटो काढले. त्यातले छत्तीस समोरून काढलेले होते, हे घरी आल्यावर लक्षात आलं.

आठ दिवसांनी अण्णांना घेऊन गेलो. ते समोर थांबलेच नाहीत, सरळ मागे गेले.

“अरे मेल्या, तोंड काय बघतोस त्याचं? ट्रक कुठेही मिळेल. बंब म्हणजे पंप. इकडे ये.”

पुढची वीस मिनिटं त्यांनी जे केलं, तेच या प्रकरणातलं खरं शिक्षण. आधी सक्शनच्या, म्हणजे पाणी ओढून घ्यायच्या, तोंडावरचं झाकण दोन हातांनी फिरवून काढलं. आतली जाळी ओढली, वाळलेल्या गाळाचा पोपडा बाहेर आला. मग मनगटापर्यंत हात आत घालून इंपेलरचं, म्हणजे पाणी फेकणाऱ्या आतल्या चक्राचं, पातं बोटाने ढकललं. पातं जेमतेम इंचभर हललं आणि आतून खरखर आली. “सुटा आहे,” ते म्हणाले. पंपाखालचा ड्रेन कॉक उघडला, तारेने टोचला, त्यातून हिरवट पाणी ठिबकलं. पंपाची बॉडी आणि इंपेलर दोन्ही गनमेटलचे, म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूचे. लोखंडाचे असते तर सहा महिने गाळात बसून एकजीव झाले असते.

पंपावरची पाटी त्यांनी रुमालाने पुसली. ७ बार दाबाला मिनिटाला १,८०० लिटर, आणि कोपऱ्यात ठोकलेलं साल १९७४. जुन्या पंपांवर गॅलन असतात, लिटर दिसले की गाडी दशमान पद्धत आल्यानंतरची. भंगारवाल्याचं १९६२ तिथेच गळलं. तो खोटं बोलत होता असं मला वाटत नाही, त्यालाही कुणीतरी तसंच सांगितलं असणार.

मग अण्णांनी भंगारवाल्याच्या पोराकडून पाना मागितला आणि गिअरबॉक्सचा खालचा प्लग थोडा सैल करायला लावला. आधी पाणी आलं, चांगलं ग्लासभर. त्यानंतर तेल. अण्णांचा चेहरा उजळला. मला काही कळेना. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाला बसतं. पूर ओसरल्यावर गाडी कुणी चालवली असती तर दातऱ्यांनी दोन्ही घुसळून ताकासारखं पांढरं केलं असतं. पाणी आणि तेल वेगळं निघालं याचा अर्थ पुरानंतर कुणी चाक हलवलेलं नाही. २२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं तेव्हा हा बंब जिथे होता तिथेच उभा राहिला. केबिनच्या दरवाज्यावर, हँडलच्या वर चार बोटं, गाळाची रेघ होती. ती रेघ आजही ठेवली आहे. त्या दरवाज्याची आतली बाजू मी रंगवली नाही.

भाव किलोवर ठरला. वजनकाट्यावर ५,६४० किलो भरले, दर ३८ रुपये. गनमेटलचे भाग मात्र तो वेगळ्या भावाने धरत होता. इथे नवशिक्याने सावध राहायला हवं. अशा गाडीतलं सगळ्यात महाग भंगार म्हणजे कपलिंग (पाइप जोडायची तोंडं), व्हॉल्व्ह आणि खुद्द पंप, आणि बयाणा देऊन तुम्ही ट्रेलर शोधेपर्यंत तेच आधी गायब होतं. समोरची घंटा आमच्या आधीच गेली होती, खाली चार भोकं तेवढी उरली होती. अण्णांनी उभ्या उभ्या वहीत सगळ्या पितळी वस्तूंची मोजदाद केली. पाणी बाहेर सोडणारी ६३ मिलिमीटरची दोन डिलिव्हरी तोंडं, चार होज कपलिंग, दोन ब्रांच (हातात धरायच्या फवाऱ्याच्या नळ्या), एक सक्शन स्ट्रेनर, तीन गेज. खाली भंगारवाल्याची सही घेतली. अडीच लाखांवर सौदा ठरला.

कागद

या भागात मी सगळ्यात जास्त भोळा होतो.

गाडीला आरसी बुकच नव्हतं. हरवलं असेल म्हणून विचारलं, तर कधी नव्हतंच. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम २(२८)मध्ये मोटार वाहनाची व्याख्या आहे. फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेलं खास वाहन त्या व्याख्येच्या बाहेर राहतं. बंब गेटबाहेर कधी गेला नव्हता, नंबर कुणी घेतला नव्हता. माझ्या हातात होती लिलावाच्या पत्राची झेरॉक्स आणि भंगारवाल्याची पावती.

मी मनात म्हटलं, हरकत नाही, विंटेजमध्ये नोंदवू. २०२१च्या जुलैत केंद्राने विंटेज वाहनांचे नियम आणले, ‘व्हीए’ अक्षरं असलेली वेगळी नंबरप्लेट ठरवली, नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार ठेवलं. वाचून मी खूश. नियम नीट वाचला तो नंतर. त्यात दुचाकी आणि एम-१ वर्गातली चारचाकी, म्हणजे प्रवासी मोटारगाडी, एवढंच बसतं. शिवाय पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण हवीत. माझ्याकडे होता ट्रकच्या चेसीवरचा बंब, पहिली नोंदणीच न झालेला. दोन्ही अटींवर बाहेर.

एका एजंटाने मार्ग सुचवला. त्याच सुमाराच्या एका मोडलेल्या कॉमेटचे कागद त्याच्याकडे होते. “नंबर चेसीवर ठोकून घेऊ, कोण बघतंय?” चेसी नंबर म्हणजे गाडीची जन्मखूण. उजव्या बाजूच्या लोखंडी पट्टीवर तो कोरलेला असतो, त्यावर कागद धरून पेन्सिल घासली की उमटतो. माझ्या बंबाचा छाप मी पहिल्याच दिवशी घेऊन ठेवला होता. तो घासून त्यावर दुसरा नंबर ठोकणं हा गुन्हा आहे, आणि ज्या गाडीवर अण्णांसारखी माणसं आयुष्यभर विसंबली तिच्यावर मी तो करणार नव्हतो. एजंटाला चहा पाजून वाटेला लावलं.

म्हणून ठरवलं, बंब रस्त्यावर धावणार नाही. आमच्या आवारात राहील, इंजिन चालेल, पंप चालेल, कुठे न्यायचा झाला तर ट्रेलरवर जाईल. सायरनही लावायचा नाही, कारण तसले अनेक सुरांचे हॉर्न रुग्णवाहिका आणि अग्निशमन यांच्यासाठी राखलेले आहेत. हा निर्णय झाल्यावर कामं निम्मी झाली. ब्रेक सोडवून आवारात हलवण्यापुरते चालू केले, लाइट-इंडिकेटरचं वायरिंग बाजूला ठेवलं. खरेदीच्या आधीच हे ठरवलं असतं तर किती धावपळ वाचली असती. रस्त्यावर चालवायची इच्छा असेल तर आधी कागद बघा, कागद नसतील तर गाडी कितीही देखणी असो, स्वप्न तेवढं लहान करून घ्या.

आज सरकारी बंबांचं गणित आणखी बदललं आहे. १ एप्रिल २०२३पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी आणि पालिकांच्या गाड्यांची नोंदणी पुढे चालू राहत नाही, त्या अधिकृत स्क्रॅप केंद्रात जातात. म्हणजे पालिकेच्या लिलावात जुना बंब सापडेल ही आशा फारशी उरलेली नाही. मिळाला तर तो आधीच खाजगी हातात गेलेला मिळेल, नाहीतर माझ्यासारखा कारखान्याच्या आवारातला.

रंगाची चूक

फेब्रुवारीत हायड्रा क्रेनने उचलून लो-बेड ट्रेलरवर चढवला आणि मार्गताम्हाने, शृंगारतळी करत घरी आणला. वाडीतली पोरं ट्रेलरमागे धावत आली. मला वाटलं, आता हा लाल दिसायला हवा.

अण्णा म्हणाले, आधी छप्पर कर, मग पंप उघड. मी म्हटलं, पावसाळ्याआधी रंग मारला की पत्रा सुरक्षित राहील. ऐकायला बरोबर वाटतं, पण किनाऱ्यावर ते चुकीचं आहे. मे महिन्यात, घामाने अंग चिकचिकतं त्या दिवसांत, जुन्या रंगावर घासकाम करून वर नवा रंग चढवला. भारतीय मानक शेड ५३६, फायर रेड. चार दिवस लोक बघायला येत होते.

सप्टेंबरात ताडपत्री काढली तर पत्र्यावर देवी आल्यासारखे फोड. नखाने एक फोडला, आतून पाणी आलं. जिभेला लावलं तर खारट! समुद्र आमच्यापासून दीड किलोमीटरवर, वाऱ्याबरोबर मीठ रोज येऊन बसतं. घासण्याआधी मी पत्रा गोड्या पाण्याने धुतलाच नव्हता. रंगाखाली अडकलेला मिठाचा कण बाहेरची ओल रंगातून आत ओढतो, थेंब जमतो, फोड येतो, आणि खाली गंज सुरू होतो. वर ताडपत्री गाडीला चिकटून बांधलेली, तीन हजार मिलिमीटरच्या वर पडणाऱ्या पावसात आतली वाफ जाणार कुठे?

दुसरी चूक आरोग्याची होती आणि ती जास्त गंभीर. त्या काळच्या गाड्यांच्या अस्तराच्या रंगात शेंदूर, म्हणजे शिशाचं संयुग, सर्रास असायचं. नारिंगी थर दिसला तेव्हा मी कोरडं घासत होतो, आणि माझा मुलगा शेजारी उभा होता. तेव्हापासून ओला पॉलिश पेपर, मास्क, आणि पोरांना बंदी. ब्रेक लायनर आणि जुन्या गॅस्केटलाही तोच नियम, त्यांत ॲसबेस्टॉस असू शकतं. त्यावर कॉम्प्रेसरची हवा मारू नका, ओल्या फडक्याने पुसा.

ऑक्टोबरात शेड बांधली. जमिनीपासून फूटभर उंच काँक्रीट, वर पत्रे, उत्तर-दक्षिण उघडी, आणि पश्चिमेला पावसाळ्यापुरते झावळ्यांचे झाप. झड अडते आणि वारा खेळतो. बंबावर पुन्हा कधी ताडपत्री टाकली नाही.

पंप

पुढचे पाच महिने फक्त पंप. या भागावर मी मनापासून रेंगाळतो, कारण इथेच मला बंब कळला.

बंबाचा पंप सेंट्रिफ्युगल असतो. पाणी आत असेल तर तो ते जोरात बाहेर फेकतो, पण हवा त्याला ओढता येत नाही. विहिरीत सक्शन सोडला की पाइपातली हवा आधी कुणीतरी काढावी लागते, मग बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. हवा काढणारा तो प्रायमर. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाण्याला सुमारे १०.३ मीटरपर्यंतच उचलतो, प्रत्यक्षात सात-साडेसात मीटर मिळाले तरी नशीब. त्यापेक्षा खोल विहिरीवर कितीही दमदार बंब आणा, पाणी येणार नाही. आमच्या कोकणातल्या विहिरी एप्रिल-मेमध्ये किती खाली जातात ते आठवा. वणव्याचा हंगाम नेमका तोच.

आमचा प्रायमर वॉटर रिंग जातीचा निघाला. त्याला स्वतःची छोटी पाण्याची टाकी लागते, त्या पाण्याचं कडं फिरतं आणि हवा ओढली जाते. मी टाकी न भरता तो फिरवला. अण्णा शेजारच्या घरी गेले होते. आवाज ऐकून धावत आले आणि इतकं बोलले की आई मध्ये पडली.

पंप उघडून साफ केला, बेअरिंग आणि सील बदलले, ग्लँडमध्ये, म्हणजे पंपाचा शाफ्ट बाहेर येतो तिथल्या खाचेत, ग्रॅफाइटची नवी दोरी भरली. मग कोरडी चाचणी. सगळी तोंडं बंद करायची, प्रायमर चालवायचा आणि व्हॅक्यूम गेज बघायचं. पूर्ण निर्वात म्हणजे पाऱ्याचे तीस इंच. आमचा काटा नऊवर गेला आणि डुलत खाली आला. कुठून तरी हवा शिरत होती. मी साबणाचं पाणी लावत बसलो. अण्णांनी विचारलं, “हवा आत जातेय, बुडबुडा बाहेर कसा येईल?” त्यांनी घराच्या टाकीला नळी जोडून पंप पाण्याने भरला, दाब दिला आणि एक कोरडं फडकं घेऊन पंपाच्या अंगाखाली फिरवलं. फडकं जिथे ओलं झालं तिथे खडूने खूण. चार खुणा झाल्या. ड्रेन कॉक, गेजची तांब्याची नळी, सक्शन झाकणाचा रबर वॉशर आणि ग्लँडचा बोल्ट. नळी तांबटाकडून डाख लावून आणली. आंघोळीचे बंब दुरुस्त करणारे हातच या बंबाला लागले, याचा मला फार आनंद झाला. दुसऱ्या चाचणीत काटा बावीसवर गेला आणि थांबला. बावीस इंच म्हणजे पाण्याचे साडेसात मीटर. अण्णांनी ते वहीत लिहून तारीख टाकली.

ग्लँडबद्दल एक गोष्ट. माझी सवय गळती बंद करण्याची, म्हणून मी नट पिळून थेंब बंद केले. अण्णांनी दोन पीळ परत सैल केले. दोरी शाफ्टला घासते, तिला पाण्याचं वंगण लागतं. थेंब थांबला की शाफ्ट तापतो आणि त्यावर चर पडते.

इंजिन आणि बंदर

इंजिन लेलँड ३७०. आकडा घनइंचांचा, म्हणजे सुमारे सहा लिटर, सहा सिलिंडर. पुराचं पाणी आत शिरलं होतं. इंजेक्टर काढून सिलिंडरांत डिझेल आणि केरोसीन ओतलं, दहा दिवस ठेवलं, मग पुढच्या पुलीला लांब पाना लावून थोडं थोडं हलवलं. सेल्फ मारायचा मोह झाला होता. अडकलेल्या इंजिनला सेल्फ मारला की वाकलेला कनेक्टिंग रॉड पदरी पडतो. इंजिन सुटलं, पण हेड काढल्यावर तीन लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळ्या, खवल्यांसारखे गंजलेले दिसले.

चिपळूणच्या एका गॅरेजने सांगितलं, हे इंजिन विसरा, नवं बसवू, दोन लाख घेतो. नवशिक्या होतो म्हणून जवळजवळ हो म्हणणार होतो. त्याच आठवड्यात धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला गेलो होतो. बंदरावर एका लाँचचं इंजिन उघडं पडलं होतं आणि ते मला ओळखीचं वाटलं. मोबाइलमधला फोटो मिस्त्रीला दाखवला. तो हसला. “भाऊ, हे तर आमचंच इंजिन! रोज उघडतो आम्ही.”

मासेमारीच्या लाँचींना लेलँडची ३७०, ४०० अशी इंजिनं वर्षानुवर्षं बसत आली आहेत. ट्रकवाले जे विसरले ते बंदरावर चालू आहे. लायनर, पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह जुळले. बोटीचं पाण्याने गार होणारं एक्झॉस्ट जुळलं नाही, ते आम्हाला नकोच होतं. मिस्त्रीने दोन माणसं घेऊन सहा दिवस वाडीत मुक्काम केला आणि रात्री अण्णांबरोबर बसून डॉकच्या गोष्टी ऐकल्या. इंजिनचा डिझेल पंप आणि नोझल यांच्या कॅलिब्रेशनसह खर्च एक लाख नव्वद हजार. किनाऱ्यावर राहत असाल तर गॅरेजआधी बंदरावर चौकशी करा, एवढं मी अनुभवाने सांगू शकतो.

एक तांब्याची नळी मात्र मिस्त्रीही काढून टाकायला निघाला होता. पंपापासून निघून ती रेडिएटरशेजारच्या एका डब्यात जाते. अण्णांनी हात धरला. बंब तासन्‌तास एकाच जागी उभा राहून इंजिन ओढतो, समोरून वारा येत नाही. म्हणून पंपाचंच थोडं पाणी त्या डब्यातून फिरवून इंजिनचं पाणी गार करतात. गाळाने नळी गच्च होती. ती तशीच कापून टाकली असती तर पहिल्या अर्ध्या तासात हेड गेलं असतं.

टाकी

इथे एक माणूस थोडक्यात वाचला.

१,८०० लिटरची लोखंडी टाकी, आत पाणी हिंदकळू नये म्हणून आडव्या पट्ट्या, वर माणूस जेमतेम उतरेल एवढं भोक. वेल्डरचा मदतनीस खरवडायला उतरला. पाच मिनिटांनी त्याचं उत्तर येईना. टॉर्च मारला तर पट्टीला टेकून बसलेला, डोळे अर्धे मिटलेले. वरून वाकून काखेत हात घालून आम्ही तिघांनी त्याला ओढून काढलं. हवा लागल्यावर दहा मिनिटांत सावध झाला. वास नव्हता, धूर नव्हता. लोखंड गंजतं तेव्हा हवेतला प्राणवायू खातं, आणि महिनोन्‌महिने झाकण बंद असलेल्या टाकीत उरलेली हवा माणसाला पुरत नाही. आमचंही नशीब, कारण अशा वेळी वाचवायला दुसरा आत उतरतो आणि तोही तिथेच बसतो. त्यानंतर दोन दिवस झाकणं उघडी, ब्लोअरने हवा, कमरेला दोर, आणि तोंडाशी एक माणूस कायम बोलता. हे वाचणाऱ्या कुणी बंद टाकीत उतरण्याआधी एवढं करावं, हात जोडून सांगतो.

शेजारच्या छोट्या टाकीत काळपट, दाट द्रव होता, वास कुजलेल्या खुरांचा. अण्णांनी ओळखला, प्रोटीन फोम. तो खूर-शिंगांच्या प्रथिनांपासूनच बनवतात, तेलाच्या आगीवर फेस पसरायला. विहिरीपासून लांब ठेवला आणि पिंपात भरून रासायनिक कचरा नेणाऱ्यांना दिला. टाकीचा तळ नवा घातला, आत इपॉक्सी.

लाकूड, पत्रा, चाकं

बॉडीची चौकट सागाची, वर ॲल्युमिनियमचा पत्रा. साग चांगला होता, पण प्रत्येक लोखंडी बोल्टाभोवती लाकूड काळं पडून भुसभुशीत झालेलं. वेलदूरच्या होडी बांधणाऱ्या सुतारांना हा रोग पाठ आहे. त्यांनी सडलेला भाग कापून सांधे भरले आणि जस्त चढवलेले बोल्ट घातले. लोखंड आणि ॲल्युमिनियम जिथे थेट टेकले होते तिथे पांढरी पूड झाली होती. खाऱ्या ओलीत त्या दोघांची बॅटरी होते आणि ॲल्युमिनियम झिजतं. मध्ये रबराची पट्टी आणि ॲल्युमिनियमचेच रिव्हेट, हा उपाय. मग गोड्या पाण्याने तीनदा धुवून, जानेवारीच्या कोरड्या हवेत दुसऱ्यांदा रंग. तो अजून टिकून आहे.

टायर ९.००-२०, बाजारात मिळतात. पण रिमला लॉक रिंग असते. गंजलेली रिंग हवा भरताना गोळीसारखी सुटते. चाकाला साखळी गुंडाळून, लांब नळीने, बाजूला उभं राहूनच हवा भरा.

एकूण खर्च दहा लाख सत्तर हजार झाला. मी धरले होते चार.

१४ एप्रिल २०२४

युनिटमागच्या तळ्यावर बंब उभा केला. पाण्यापर्यंत उतार पाच मीटर. गोडं तळं मुद्दाम निवडलं, खाडीचं पाणी या पंपाला आम्ही दाखवणार नाही. सकाळी अण्णा नेहमीसारखे दोन मिनिटं गप्प उभे राहिले. मग शर्टाच्या बाह्या दुमडून त्यांनी पीटीओ, म्हणजे इंजिनची ताकद पंपाला देणारा जोड, घातला.

प्रायमर सुरू झाला. अण्णांनी गेजकडे पाहिलं नाही, सक्शनच्या नळीवर तळवा ठेवला. मलाही ठेवायला लावला. आधी नळी थरथरत होती, कोमट होती. मग खालून वर एक गारवा चढत आला आणि नळी हाताखाली एकदम जड झाली. “आलं,” ते म्हणाले, तेव्हा दाबाचा काटा नुकता हलत होता. डिलिव्हरी उघडली. ब्रांच माझ्या मुलाने आणि शेजारच्या दोन पोरांनी धरली होती, पहिल्या झटक्याला तिघंही एक पाऊल मागे सरकले. पाणी काजूच्या झाडांवरून पलीकडे गेलं.

पाऊण तास चालवला. इंजिनचं तापमान चढलं नाही. एका डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, त्याची सीट घासायची आहे. चार होजपैकी दोन फाटले. घंटेची चार भोकं अजून रिकामी आहेत, योग्य घंटा मिळाली नाही आणि देवळातली लावायची अण्णांची तयारी नाही.

सगळे जेवायला गेल्यावर मी मागे आलो. अण्णा पंपाशी उकिडवे बसले होते, हातात घड्याळ. ग्लँडखाली बोट धरून थेंब मोजत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, “पाव पीळ अजून सैल कर. आणि ड्रेन कॉक उघडा ठेव, रात्रभर निथळू दे.”